आसनामागचा शास्त्री

फार जुनी गोष्ट आहे. डोंगरांच्या कुशीत बारा गावांचं एक लहानसं गणराज्य होतं. तिथे राजा नव्हता. प्रत्येक गाव आपला एक कारभारी सभेत पाठवायचं आणि ते बारा कारभारी मिळून एक अध्यक्ष निवडायचे. अध्यक्षाने एक मुदत राज्य सांभाळायचं, लोकांना आवडला तर दुसरी मुदत. त्यानंतर मुकाट्याने उठून आपल्या घरी जायचं, असा तिथला कायदा होता.

एकदा त्या गणराज्याला एक मोठा चांगला अध्यक्ष लाभला. तो मूळचा नावाडी. नदीच्या या काठावरून त्या काठाला हाक मारून मारून त्याचा आवाज असा काही कमावला गेला होता, की सभेत तो बोलायला लागला की झाडावरचे कावळे उडून जात. मनाने उदार, हसतमुख, लोकांत मिसळणारा. त्याच्यात एकच कमी होती. कायद्याचं त्याला अजिबात कळत नसे, आणि त्याचा त्याला कंटाळाही होता.

म्हणून त्याने एक शास्त्री जवळ केला.

हा शास्त्री कायद्यात असा मुरलेला, की कुठल्या गावाला कुठल्या ओढ्याचं पाणी कुणाच्या आजोबाच्या काळापासून मिळतं, हे तो झोपेतही सांगेल. पण त्याचा आवाज बारीक होता आणि चार लोकांत बोलायचं म्हटलं की त्याच्या घशाला कोरड पडे. त्यामुळे सभा भरली की तो अध्यक्षाच्या आसनामागे उभा राही, थोडासा वाकलेला. पेचाचा प्रश्न आला की आणखी वाकून अध्यक्षाच्या कानात दोन वाक्यं सांगे. अध्यक्ष तीच दोन वाक्यं आपल्या खणखणीत आवाजात सभेला ऐकवी. लोक म्हणत, "वा! काय न्याय केला!"

शास्त्री कुणाकडून काही घेत नसे. लोक त्याच्या परसदारी तुपाची बरणी घेऊन यायला लागले, तेव्हा त्याने ती आल्या पावली परत पाठवली. पण सकाळी दार उघडलं की परसात पाच-सहा माणसं ताटकळत बसलेली असायची आणि त्याला पाहताच सगळी लगबगीने उठून उभी राहायची. हे त्याला आवडत नव्हतं असं म्हणता येणार नाही.

एकदा त्याची बायको बाजारातून आली आणि भाजीची टोपली खाली ठेवत म्हणाली, "अहो, तुमचं कालचं वाक्य आज कांदेवाल्याच्या तोंडून ऐकलं. 'कुरणाचं गवत वाटून खा, कुरण वाटू नका.' अध्यक्ष काय बोलले, म्हणून सांगत होता."

शास्त्री मनापासून हसला. "मग? काम झालं ना? नाव कुणाचंही होईना."

"वाक्य चांगलं होतं म्हणून ठीक," ती म्हणाली. "उद्या तुमचं एखादं वाक्य वाईट निघालं, तर लोकांनी कुणाला धरायचं?"

शास्त्रीने ते हसण्यावारी नेलं.

त्या गणराज्याचा सगळा जीव नदीवरच्या मातीच्या बांधात होता. दर उन्हाळ्यात बाराही गावांनी माणसं पाठवून त्याची डागडुजी करायची. जे गाव येणार नाही, त्याची सभेतली जागा गेली. जागा गेली की कालव्याचं पाणीही गेलं. कायदा कडक होता, कारण बांध फुटला असता तर सगळेच वाहून गेले असते.

एका वर्षी बारा गावांपैकी वरच्या वाडीत पटकीची साथ आली. घरटी एक-दोन माणसं गेली. उरली ती आजाऱ्यांना पाणी पाजण्यात गुंतलेली. बांधाचं काम तोंडावर आलं. वाडीचा कारभारी, एक उंच, हाडकुळा म्हातारा, काठी टेकत अध्यक्षाकडे आला आणि म्हणाला, "मालक, या साली आमच्यानं होत नाही."

अध्यक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो मागे वळून म्हणाला, "शास्त्रीबुवा, काय करायचं? सभा बोलावू?"

शास्त्री त्याच्या कानाशी वाकला. "सभा बोलावली तर खालची गावं कुरकुरतील. वाद होईल, नाही नाही ते निघेल. त्यापेक्षा वाडीला निरोप धाडा, की या वर्षी तुम्हाला माफी. बाकीची अकरा गावं काम उरकतील. कोण विचारतंय?"

तसा निरोप गेला. बाकीच्या गावांनी काम उरकलं, आणि खरंच कुणी विचारलं नाही. वाडी जगली. त्या दिवशी घरी जेवताना शास्त्रीला अन्न गोड लागलं. सभेला जे आठवडाभर भांडून जमलं नसतं, ते आपण दोन वाक्यांत केलं, असं त्याच्या मनात आलं.

अशी वर्षं गेली आणि अध्यक्षाची दुसरी मुदत संपत आली.

एका संध्याकाळी अध्यक्ष शास्त्रीला घेऊन नदीकाठी फिरायला गेला. मग म्हणाला, "शास्त्रीबुवा, आता घरी जायचं म्हणजे काय करायचं हो? नाव चालवायला हातात बळ नाही. आणि खरं सांगू? मला अजून कितीतरी करायचं आहे."

शास्त्रीलाही तेच वाटत होतं. नवा अध्यक्ष येईल, तो आपला माणूस आणील, आणि आपण परसात भाजीपाला लावत बसू. तो कायदा मनात घोळवू लागला. घोळवता घोळवता त्याला एक फट सापडली.

"अध्यक्षाने तिसऱ्यांदा आसन मागू नये, असं कायदा म्हणतो," तो सावकाश म्हणाला. "पण सभेने आपण होऊन एकमुखाने विनंती केली, तर अध्यक्षाने ती नाकारावी, असं कुठे म्हटलेलं नाही."

अध्यक्ष थबकला. त्याने शास्त्रीचे दोन्ही खांदे धरले आणि मोठ्याने हसला. "तुमच्यासारखा माणूस पाठीशी असल्यावर मला काय कमी?"

गावोगाव निरोप गेले. अकरा गावांचे कारभारी हो म्हणाले. कुणी प्रेमाने, कुणी भिडेने. वरची वाडी तेवढी नाही म्हणाली. आणि एकमुखाने म्हणजे एकमुखाने. एकही गाव वगळून चालणार नव्हतं.

तेव्हा शास्त्री स्वतः वाडीवर गेला. उभ्या चढाची वाट होती, तो घामाघूम झाला. म्हाताऱ्या कारभाऱ्याने त्याला ओसरीवर बसवलं आणि गूळपाणी दिलं. समोर कालव्याकाठी मुलं म्हशी धूत होती. पटकीच्या साली ओसाड पडलेल्या घरांतून आता धूर निघत होता.

"एकदा हो म्हणा," शास्त्री म्हणाला. "अध्यक्षांनी तुमचं काही वाईट केलं आहे का?"

"वाईट?" म्हातारा म्हणाला. "अहो, पटकीच्या साली त्यांनी माफीचा निरोप धाडला नसता, तर आज ही वाडी दिसली नसती. आमच्या बायका अजून दिवा लावताना त्यांचं नाव घेतात."

शास्त्रीने पाण्याचा घोट घेतला. तो निरोप कुणाचा, हे सांगायला त्याची जीभ वळवळली. पण सवय नव्हती.

"मग नाही का म्हणता?"

"माणूस चांगला आहे म्हणूनच," म्हातारा म्हणाला. "चांगला आहे तोवर घरी जाऊ दे. दोनदाच, असा कायदा आमच्या बापजाद्यांनी वाईट अध्यक्षासाठी केला नाही, शास्त्रीबुवा. वाईटाला कोण ठेवून घेतो? चांगल्याचाच मोह पडतो."

शास्त्रीने गूळपाण्याचं भांडं खाली ठेवलं. तो उतरून परत आला आणि वाडी ऐकत नाही, एवढंच त्याने अध्यक्षाला सांगितलं.

अध्यक्ष रागावला नाही. झोपाळ्यावर बसून तो पायाने हलकेच झोके घेत राहिला. मग त्याने विचारलं, "पटकीच्या साली वाडीनं बांधावर माणसं पाठवली होती?"

"नाही. आपण माफी दिली होती."

"दिली होती. पण सभेत? ठराव झाला होता?"

"नाही."

"सभेचा ठराव नसताना माफी देता येते?"

"नाही."

"म्हणजे कायद्यानं माफी नाहीच. म्हणजे वाडी बांधावर आली नाही. म्हणजे वाडीची जागा केव्हाच गेलेली आहे." अध्यक्षाने झोपाळा थांबवला. "आणि उरलेली अकरा गावं एकमुखानं हो म्हणताहेत. बरोबर ना? मला कायदा कळत नाही म्हणता, पण तुमच्या सावलीत बसून थोडंफार शिकलो बघा."

"पण त्यांचं पाणी जाईल," शास्त्री म्हणाला. "वाडी उजाड होईल. आपणच वाचवलेली माणसं आहेत ती."

"एकदा मी आसनावर बसलो की देऊ परत पाणी. आपण काय दुष्ट आहोत?" अध्यक्षाचा आवाज मऊ झाला. "हे पाहा, तुम्हाला खोटं बोला असं मी म्हणत नाही. तुम्हाला बोलायचंच नाही. इतकी वर्षं माझ्यामागे गप्प उभे राहिलात. आणखी एक सकाळ राहा."

शास्त्री घरी आला. बायको सुपात तांदूळ निवडत होती. तो तिच्यासमोर पाटावर बसला आणि त्याने तिला सगळं सांगितलं, अगदी माफीच्या निरोपापासून.

तिने विचारलं, "गप्प राहिलात तर काय होईल?"

"वाडीचं पाणी जाईल."

"आणि बोललात तर?"

"एक कलम आहे. अधिकार नसताना जो एखाद्या गावाला बांधावर येऊ नका म्हणून सांगेल, त्याचा दोष गावाला लागत नाही, सांगणाऱ्याला लागतो. त्याला सभेच्या जागी जन्मभर पाऊल ठेवता येत नाही."

"निरोप तर अध्यक्षांच्या नावानं गेला. मग दोष त्यांचा."

"नाव त्यांचं. त्यांनी सभा बोलावू का म्हणून विचारलं होतं. नको, मी म्हणालो."

बायको तांदळातले खडे वेचत राहिली. ती म्हणाली, "मग माझ्याकडून काय हवंय तुम्हाला? तोलायला तराजू?"

सभेचा दिवस उजाडला. नदीकाठच्या दगडी ओट्यावर बारा कारभारी बसले, भोवती लोकांची गर्दी. अध्यक्षाने उभं राहून बांधाचा कायदा सांगितला, पटकीचं साल सांगितलं, आणि त्या साली वाडीतून माणूस आला नव्हता हेही सांगितलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, उलट खेद होता. "कायदा कायदा आहे," तो म्हणाला. "माझा इलाज नाही."

वाडीचा म्हातारा उठला. त्याचे हात थरथरत होते. "मालक, आम्हाला माफी होती! तुमचा निरोप आला होता!"

"माफी सभा देते. कुठल्या सभेत झाली?"

म्हातारा एकेका कारभाऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागला. कुणी खाली पाहिलं, कुणी नदीकडे. निरोप घेऊन आलेला माणूस मरून काही वर्षं झाली होती, दुसरा साक्षीदार नव्हता. म्हाताऱ्याने पुन्हा अध्यक्षाकडे पाहिलं. ज्याचं नाव घेऊन वाडीने दिवे लावले, तोच हे बोलत होता.

आसनामागे शास्त्री उभा होता. त्याच्या घशाला कोरड पडली होती. इथे वाकून दोन वाक्यं सांगावीत, असं त्याला क्षणभर वाटलं. पण ज्या कानात सांगायचं, त्या कानाला आज ती नको होती. तो आसनाला वळसा घालून पुढे आला आणि ओट्याच्या मधोमध उभा राहिला. लोकांना आधी कळेचना, की हा माणूस वाट चुकून इकडे आला आहे, की बोलायला.

"निरोप गेला होता," तो म्हणाला.

"मोठ्यानं बोला!" मागून कुणीतरी ओरडलं.

"निरोप गेला होता!" शास्त्रीचा आवाज चिरकला. "सल्ला माझा होता. अध्यक्षांनी सभा बोलावू का म्हणून विचारलं. नको, मी म्हणालो. वाडीला बांधावर येऊ नका असं मी सांगायला लावलं. मला तसा अधिकार नव्हता. कलम सर्वांना ठाऊक आहे. दोष वाडीचा नाही, माझा आहे."

मग खालच्या एका गावचा कारभारी उठला. तो अध्यक्षाचा जुना चाहता होता. "शास्त्रीबुवा," त्याने विचारलं, "आमच्या कुरणाचा निवाडा झाला, तो कुणाचा?"

"माझा."

"आणि नव्या घाटाची जागा?"

"तीही मीच सुचवली."

"आणि ही एकमुखाच्या विनंतीची युक्ती?"

शास्त्रीने मान खाली घातली. "माझीच."

तो कारभारी वळून सभेकडे पाहू लागला. "मग इतकी वर्षं आपण निवडून दिलं कुणाला?"

अध्यक्षाचा तो नदीपार जाणारा आवाज त्या सकाळी पुन्हा फुटला नाही.

वाडीची जागा राहिली. विनंती मागे पडली, कारण आता एकट्या वाडीचाच नाही, आणखी चार गावांचा नकार आला. अध्यक्ष आसनावरून उठला. शास्त्रीला कलमाप्रमाणे शिक्षा झाली. सभेच्या ओट्यावर त्याने जन्मभर पाऊल ठेवायचं नाही, असं ठरलं. त्याने ते ऐकलं, नमस्कार केला आणि तो खाली उतरला.

पायऱ्यांपाशी अध्यक्षाने त्याला गाठलं. "शास्त्रीबुवा, काय कमी केलं होतं मी तुम्हाला?"

"काहीच नाही," शास्त्री म्हणाला. "मीच तुम्हाला जास्त केलं."

वाडीचा म्हाताराही तिथेच उभा होता. त्याने शास्त्रीचे आभार मानले, पण तोंडभरून नाही. "बोललात ते बरं केलंत," तो म्हणाला. "पण ती माफी तेव्हाच चार लोकांसमोर दिली असती, तर आज माझ्या म्हातारपणी मला सगळ्यांपुढे असं थरथरायला लागलं नसतं." आणि काठी टेकत तो आपल्या वाटेला लागला. शास्त्रीला ते लागलं. पण त्यात खोटं काही नव्हतं.

सभेने नवा अध्यक्ष निवडला. तो तरुण होता, हुशारही होता. एके दिवशी दुपारच्या उन्हात रस्ता रिकामा पाहून तो शास्त्रीच्या परसदारी आला.

"तुम्हाला ओट्यावर येता येत नाही," तो म्हणाला. "पण मी इथे येत जाईन. तुम्ही सांगा, मी करीन. कुणाला कळायचंही नाही."

शास्त्रीने त्याला बसायला पाट दिला. खरं सांगायचं तर त्याला फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांत त्याच्या परसात कुणी उठून उभं राहिलं नव्हतं. नव्या अध्यक्षाचा प्रश्नही अवघड होता. दोन गावांच्या कालव्याच्या पाण्याच्या पाळीचा. आणि शास्त्रीला त्याचं उत्तर अगदी जिभेवर होतं.

त्याने ते गिळलं.

"गुरुवारी बाजार असतो," तो म्हणाला. "मी लिंबाखाली भाजी विकायला बसतो. तिथे या आणि सगळ्यांच्या देखत विचारा. मला जे ठाऊक आहे ते सांगेन. कुणाला पटलं नाही तर तोही तिथेच सांगेल."

"अध्यक्षानं बाजारात उभं राहून विचारायचं?" नवा अध्यक्ष हसला. "लोक म्हणतील, याला काही कळत नाही."

"म्हणतील," शास्त्री म्हणाला.

नवा अध्यक्ष उठून गेला. गुरुवारी तो आला नाही. पण गोष्ट कशीतरी फुटली, आणि ज्या दोन गावांचा तंटा होता तिथलीच माणसं त्या दिवशी लिंबाखाली आली. पंधरा-वीस असतील. शास्त्रीने वांग्यांची टोपली बाजूला सारली आणि आपलं उत्तर सांगितलं. एका बाईने विचारलं, की रात्रीची पाळी बायकांनी कशी धरायची? शास्त्रीने याचा विचारच केला नव्हता. मग दुसरं कुणी बोललं, मग तिसरं. आवाज चढले, कुणी रुसून उठलं, त्याला हात धरून बसवलं. उन्हं कलली तेव्हा कुठे एक वाट निघाली. ती शास्त्रीने सांगितली होती तशी नव्हती. ती कुणा एकाचीच नव्हती.

माणसं पांगली. शास्त्रीची अर्धी वांगी तशीच राहिली होती. ती टोपलीत भरताना त्याच्या लक्षात आलं, की इतका वेळ आपण चार लोकांत बोलत होतो, आणि घसा कोरडा पडायचा राहूनच गेला.

गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: चांगला सल्लाही चोरून दिला तर ज्याच्या भल्यासाठी दिला त्यालाच तो उघड्यावर पाडतो. जे चार लोकांसमोर सांगता येतं, तेच चार लोकांना तारतं.